नेहमीचं जेवण

राजश्रीबाई सरनोबतांचा माणसांवर विश्वास नव्हता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दूध संघाच्या प्रयोगशाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं नमुने तपासले होते. युरिया, साखर, सोडा, स्टार्च. माणूस दुधात काय काय घालू शकतो हे त्यांना पाठ होतं. भजनात पहिल्या रांगेत टाळ धरणाऱ्या एका गवळ्याच्या कॅनमध्ये त्यांनी धुण्याचा सोडा पकडला होता. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, नमुना बोलत नाही," हे वाक्य त्या निवृत्तीच्या समारंभातही बोलल्या आणि संघाचे दोन संचालक पेढा न घेताच उठून गेले.

त्यामुळे ज्येष्ठातल्या एका सोमवारी सकाळी दंडातली कुपी वाजली आणि फोनवर 'शरीरात बाहेरचा हार्मोन आढळला' अशी ओळ उमटली, तेव्हा बाईंना धक्का वगैरे बसला नाही. कोण, एवढाच प्रश्न पडला.

कुपीचं थोडं सांगायला हवं. राजश्रीबाईंची थायरॉइडची ग्रंथी चाळिशीतच थकली होती. शरीराच्या पहारेकऱ्यांनीच तिला परकी समजून कुरतडून टाकलं होतं. ही गळ्यातली ग्रंथी एक हार्मोन बनवते आणि शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते त्यावर ठरतं. तो कमी पडला की वजन वाढतं, केस गळतात, थंडी वाजते आणि अंथरुणातून उठवत नाही. मग तोच हार्मोन गोळीतून घ्यायचा. गोळी छोटी, पण तिचा थाट मोठा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नंतर तासभर चहा नाही, कॅल्शियम चार तासांनी, लोहाची गोळी त्याहून लांब, सोयाबीन जपून. कोल्हापुरात राहून सकाळी तासभर चहावाचून बसणं ही शिक्षाच होती, आणि बाईंनी ती सोळा वर्षं भोगली.

मग कुपी आली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, दंडाच्या कातडीखाली बसवायची, वर्षातून एकदा भरून घ्यायची. ती तासातासाला रक्त तपासते आणि लागेल तेवढाच हार्मोन सोडते. चहाची आडकाठी संपली. तिची खरी करामत मात्र वेगळी होती. तिच्यातल्या हार्मोनच्या प्रत्येक रेणूत एक कार्बनचा अणू मुद्दाम जड घातलेला असतो. कळपात आपली जनावरं ओळखू यावीत म्हणून शिंगं रंगवतात ना, तसं. त्यामुळे रक्तात फिरणारा हार्मोन आपला की परका, हे कुपीला नेमकं कळतं. बाईंच्या रक्तात आता बिनरंगाच्या शिंगांचा कळप शिरला होता. कुपीने चार महिने गुपचूप आपला डोस कमी करत आणला, शेवटी तो शून्यावर आला, तरी हार्मोन जास्तच. तेव्हा ती वाजली.

आता बाईंना सगळं उमगलं. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं आणि त्या आरशासमोर खूश होत्या. छातीत धडधडायचं, चहाचा कप बशीत वाजायचा, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. ते त्या वयाच्या खात्यावर टाकत होत्या. प्रत्यक्षात कोणीतरी त्यांना हार्मोन चारत होतं. असंच चाललं तर हृदयाची लय बिघडेल, असं कुपीच्या मदतकेंद्रातल्या यांत्रिक आवाजाने अगदी गोड स्वरात सांगितलं.

"आपल्या घरात थायरॉइडच्या गोळ्या कोणाला सहज मिळू शकतात?" त्या आवाजाने विचारलं.

राजश्रीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं तीन. त्या स्वतः, शिरोलीत बॅटऱ्यांच्या कारखान्यात असलेला मुलगा शार्दूल आणि मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली सून ईश्वरी. ईश्वरी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली होती आणि राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती.

मदतकेंद्राने दोन रकाने रोज भरायला सांगितले. काय खाल्लं आणि कोणी रांधलं. दुसरा रकाना बाईंनी मन लावून भरला. आठवड्यात पाच दिवस त्याच रांधायच्या. रविवारी ईश्वरीला सुटी आणि बुधवारी तिची दुपारची पाळी, म्हणून त्या दोन दिवशी ओटा तिच्याकडे. पहिल्या रकान्याचा मात्र त्यांना कंटाळा यायचा. ताटात काय होतं हे फोनला कशाला सांगायचं? तिथे त्या रोज एकच शब्द लिहीत, 'नेहमीचं'.

तीन आठवड्यांनी आलेख आला. हार्मोन दर सोमवारी आणि दर गुरुवारी उसळी घेत होता. खाली ओळ होती: 'रांधणाऱ्या व्यक्तीशी संबंध ९४ टक्के. व्यक्ती: ईश्वरी.'

त्या बुधवारी बाई ओट्याजवळ स्टूल टाकून बसल्या. मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत होता आणि शेजारी एका छोट्या भांड्यात ईश्वरी काहीतरी वेगळं ढवळत होती.

"ते काय गं वेगळं?"

"तुमचं, आत्ती." ईश्वरी सासूला तिच्या गडहिंग्लजच्या रीतीने आत्ती म्हणायची. "अळणी काढलंय. बिनतिखटाचं, नुसतं मीठ आणि आलं-लसूण. कवळी बसवल्यापासून तुम्हाला चावत नाही न्हवं."

"रोज वेगळं करतीस?"

"रविवारी आणि बुधवारी. गरम आहे तवर घ्या की."

ती आत वळल्याबरोबर बाईंनी चमचाभर अळणी खिशातल्या बाटलीत ओतलं. उरलेलं तिच्यादेखत प्यायल्या, कारण संशय दाखवला की चोर सावध होतो. ईश्वरी दुकानात गेल्यावर त्यांनी तिची प्रवासाची पिशवी, कपाटातला कप्पा आणि मेकअपचा डबा तपासला. काही सापडलं नाही. यावरून पोरगी हुशार आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बाटली जुन्या सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत गेली. चार दिवसांनी अहवाल आला: नमुन्यात थायरॉइड हार्मोन आढळला. बाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवला. वाईट वाटलं त्यांना. ही पोरगी केसांना तेल लावून द्यायची, पायाची नखं कापून द्यायची. पण केसांना तेल लावणाऱ्या माणसाचाही नमुना नमुनाच असतो, असं त्यांनी मनाला बजावलं.

श्रावण लागला आणि ईश्वरी पहिल्या पंचमीला माहेरी गेली. तिथे तिच्या आईचा पाय मुरगळला, म्हणून महिनाभर राहिली. इकडे आलेख उतरायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तो ताटलीसारखा सपाट झाला, धडधड थांबली, कप वाजेनासा झाला आणि बाईंना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. कुपीने आपला डोस पुन्हा सुरू केला. पहिल्या रकान्यात रोज 'नेहमीचं' होतंच. दुसऱ्यात रोज 'स्वतः'.

आता आणखी काय पुरावा हवा होता?

"आई, ती कशाला घालेल?" शार्दूलने आलेख बघून विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"ते तिला विचार. मी बारीक झाले तर बरं दिसेल म्हणून असेल. नाहीतर मी गेले तर घर मोकळं होईल म्हणून असेल."

"काहीतरीच."

"ती नव्हती तेव्हा शून्य आहे, ती होती तेव्हा डोंगर आहे. मी सांगते म्हणून नको, आकडा सांगतोय म्हणून ऐक."

शार्दूल गप्प बसला. आकड्यासमोर तो लहानपणापासून गप्पच बसायचा, ती सवय बाईंनीच लावली होती.

फोनमधल्या कुपीच्या अॅपवर शंकापत्रक नावाचा एक फॉर्म होता. म्हाताऱ्यांच्या औषधांत घरच्यांनीच ढवळाढवळ केल्याची प्रकरणं वाढली, तेव्हा सरकारने तो आणला होता. त्यात नाव लिहिलं की चौकशी सुरू. ज्याचं नाव तो औषधाच्या धंद्यातला असेल, तर चौकशी संपेपर्यंत त्याचा परवाना बंद. हे फॉर्मवरच ठळक छापलेलं होतं. राजश्रीबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि नाव लिहून पाठवलं. गवळ्याचं लिहायच्या तसंच, पूर्ण नाव, गावासकट.

दोन दिवसांनी दुकानाच्या मालकाने ईश्वरीला फोन करून आता परत कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी तिचा शार्दूलला फोन आला. बाई शेजारीच बसल्या होत्या.

"तू काही घालत होतीस का आईच्या जेवणात?" शार्दूलने विचारलं. खरं तर त्याला हे असं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून तसंच बाहेर पडलं.

ईश्वरी म्हणाली, "मीठ घालत होते. आलं घालत होते. अजून काय घातलं असेल असं तुला वाटतंय ते लिहून पाठव, मी वाचते." आणि तिने फोन ठेवला. पुढे तिने त्याचा फोन उचलला नाही. श्रावण संपला, गणपती आले आणि गेले. गौरीला नवी सून ओवशाला, सुपाचं वाण द्यायला येते, ती आली नाही. शेजारणींनी विचारलं तेव्हा बाईंनी तिच्या आईच्या पायाचं कारण सांगितलं. शार्दूल जेवताना बोलेनासा झाला. पाणी हवं असेल तर उठून स्वतः घ्यायचा.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दारात मटण केंद्राची पेटी आली. श्रावणापासून थांबवलेली नेहमीची मागणी आपोआप पुन्हा सुरू झाली होती. पेटीत दोन पुड्या होत्या, एक मोठी आणि एक छोटी. छोट्या पुडीत बारीक, गुलाबी, लोण्यासारखा खिमा होता. शार्दूलला मटण बऱ्याच दिवसांनी मिळणार होतं, तेव्हा बाईंनी उत्साहाने रस्सा केला. छोट्या पुडीतला अर्धा खिमा उकडून आपल्यापुरतं अळणी काढलं, अर्धा फ्रीजरमध्ये टाकला. चव अगदी ईश्वरीच्या हातासारखी आली. हे त्यांनी शार्दूलला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी कुपी वाजली.

'शरीरात बाहेरचा हार्मोन आढळला. रांधणारी व्यक्ती: स्वतः. संशयित व्यक्ती: राजश्री सरनोबत. शंकापत्रक भरायचे आहे का?'

बाई खुर्चीत बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. ईश्वरी गडहिंग्लजला, इथून साठ-सत्तर किलोमीटरवर. घरात तिचा हात लागलेली एकही वस्तू उरली नव्हती. मसाल्याचे डबेसुद्धा त्यांनी नवे भरले होते. तरीही डोंगर तोच, सोमवारचाच. यंत्र बिघडलं असेल, असं म्हणायची त्यांना फार इच्छा झाली. पण इतके दिवस यंत्र खरं आणि आज खोटं, हे त्यांच्यासारख्या बाईला कसं म्हणता येईल?

त्या डॉ. शबनम तांबोळींकडे गेल्या. कुपी यांनीच बसवली होती. पहिल्यांदा संशय आला तेव्हाच यायला हवं होतं, पण तेव्हा त्यांना डॉक्टर नको होता, गुन्हेगार हवा होता.

तांबोळीबाईंनी ज्येष्ठापासूनची नोंद पडद्यावर खाली-वर केली. "पहिल्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द आहे. नेहमीचं म्हणजे काय हो?"

"नेहमीचं म्हणजे नेहमीचं. भाकरी, भाजी, आमटी."

"रविवारी?"

"रविवारी आणि बुधवारी मटण. ते काय सांगायचं?"

"श्रावणात?"

"श्रावणात कसं खाणार?" राजश्रीबाई बोलून गेल्या, आणि बोलता बोलताच थांबल्या.

तांबोळीबाईंनी चष्मा काढला. "हे यंत्र बनवणाऱ्याला श्रावण माहीत नाही. तुम्ही दोन्हीकडे नेहमीचं लिहिलंत, त्याला दोन्ही सारखंच वाटलं. मग त्याच्यापुढे बदलणारी एकच गोष्ट उरली, रांधणारी. मटण कुठलं खाता? मानेकडचं?"

"मऊ खिमा येतो. वेगळा."

"बोकडालाही थायरॉइड असते. गळ्याशी, श्वासनळीला चिकटून. शिजवलं तरी तिच्यातला हार्मोन बराचसा टिकतो. गळ्याचं मांस गाठींसकट दळलं की त्या खिम्यातून हार्मोनच पोटात जातो. पूर्वी खाटीक ती गाठ अंगठ्याने काढून टाकायचे. आता यंत्र कापतं, त्याला फक्त मऊ काय ते कळतं. निरोगी माणसाने खाल्लं तर त्याची ग्रंथी आपलं काम थोडं कमी करते आणि भागून जातं. तुमच्याकडे कमी करायला ग्रंथीच नाही. फ्रीजरमधलं आणून द्या, तपासू."

तपासायची गरज नव्हती, पण बाईंनी तपासून घेतलं. कच्च्या खिम्यातही हार्मोन निघाला. हिरव्या-पांढऱ्या कागदावरचा तो अहवाल हातात घेऊन राजश्रीबाई बाकावर बसल्या, आणि त्यांना स्वतःची किळस आली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकाही गवळ्याला असं पकडलं नव्हतं. दुधात काही निघालं तर आधी कॅन बघायच्या, पाणी बघायच्या, म्हशीची पेंड बघायच्या. इथे शिजवलेल्याचा नमुना घेतला आणि कच्च्याचा घेतला नाही. परक्या माणसाला जो न्याय दिला तो घरच्या पोरीला दिला नाही.

घरी येऊन त्यांनी मटण केंद्राची मागणी फोनवर उघडली. माघ महिन्यात ईश्वरीने ती लिहिली होती. मोठ्या पुडीपुढे फक्त वजन होतं. छोट्या पुडीपुढे लिहिलं होतं: 'सासूबाईंना नवी कवळी आहे, चावत नाही. त्यांना थायरॉइडमुळे थकवा असतो, ताकद यायला हवी. मानेकडचं सगळ्यात मऊ द्या. बारीक दळा. पैसे जास्त लागले तरी चालेल, माझ्या खात्यातून घ्या.'

शार्दूलने ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मग उठून स्वतःचं पाणी घेतलं आणि खोलीत गेला. बोलला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

शंकापत्रक मागे घेण्याचा फॉर्म भरण्याच्या फॉर्मपेक्षा लांब होता. कारणाच्या जागी चार पर्याय होते: यंत्रातील दोष, गैरसमज, आपसात समझोता, तक्रारदाराची चूक. बाईंनी शेवटचा निवडला आणि खाली दोन्ही अहवाल जोडले. परवाना सुरू व्हायला सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी परवाना सुरू झाल्याच्या पत्राची प्रत घेऊन त्या एकट्याच गडहिंग्लजच्या एसटीत बसल्या. शार्दूल येतो म्हणाला होता, त्याला त्यांनी नको सांगितलं. नाव त्यांनी लिहिलं होतं.

ईश्वरी दारातच होती. तिने "या" म्हटलं, पायाही पडली, रीत म्हणून. पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"परवाना माझाच होता, आत्ती. तुम्ही दिला नव्हता."

"माहीत आहे. माझं चुकलं, ईश्वरी. सगळं चुकलं."

"भांड्यातलं चमचाभर चोरून नेलंत, चौकशीवाले सांगत होते. मला विचारायचं की. यात काय घालतीस गं, एवढंच. मी सांगितलं असतं. पुडी दाखवली असती. मी फार्मासिस्ट आहे, कदाचित माझ्याच डोक्यात आलं असतं."

राजश्रीबाईंना खोटं बोलता आलं असतं. "विचारलं असतं तरी तू खरं सांगतीस यावर माझा विश्वास बसला नसता," त्या म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता बसतो."

"अहवाल आला म्हणून."

आतून विहीणबाईंनी जेवायला हाक मारली. पाय अजून पुरता बरा नव्हता, भिंतीला धरून त्या ताट वाढत होत्या. ईश्वरीने त्यांच्या हातून ताट घेतलं, राजश्रीबाईंपुढे पाटावर ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, दही, कांदा. बाईंनी हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "थांबा."

तिने त्यांच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग आमटीचा भुरका घेतला. दही चाटलं. कांद्याची फोड चावली. शेवटी त्यांच्या तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली.

"अगं, काय करायलीस? त्यांचं ताट उष्टं करतीस होय?" विहीणबाई घाबरून म्हणाल्या.

"असू दे, आई." तिने राजश्रीबाईंकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "जेवा आता. बघा, मला काही झालं नाही."

राजश्रीबाईंनी विचारलं, "घरी येशील?"

"येईन. शार्दूलसाठी येईन. खरं तिथंही तुमचं ताट असंच वाढणार मी, रोज. तुमचा विश्वास बसला म्हणून थांबणार नाही. माझा बसला की थांबेन."

सरनोबतांच्या घरात सासूने सुनेचं उष्टं खाल्ल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. राजश्रीबाईंनी तर नवऱ्याच्या ताटात जेवायलाही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नकार दिला होता. त्यांनी ती मोडलेली भाकरी उचलली, ईश्वरीने जिथे मोडली होती तिथूनच पुढे तोडली, आणि खाली मान घालून जेवू लागल्या.